पिंपळावरचा मुंजा आणि कुमारांचें वाङ्मय

ठाण्याच्या टेंभी नाक्याचें नांव निघालें कीं सर्वांस प्रथम नवरात्र आठवतें. इ. स. १९७८ पासून तेथें देवीची स्थापना होत आली आहे, आणि त्या नऊ दिवसांत नाक्यावर पाऊल ठेवावयास जागा उरत नाहीं. ज्या कथेवर नवरात्र उभें आहे ती नीट पाहिली तर मूळची भयकथाच आहे. क्षणांत रेडा, क्षणांत सिंह, क्षणांत हत्ती अशीं रूपें पालटणारा असुर, त्याच्या भयानें स्थान सोडून गेलेले देव आणि अखेरीस त्याचा वध, ही तिची घडण. ही कथा या देशांत मुलांपासून कोणीं लपवून ठेविली नाहीं. भय दाखवावयाचें, परंतु तें त्याच्या शेवटासह दाखवावयाचें, हा जुन्या कथनाचा नियम होता.

हा नियम घरगुती भुताच्या गोष्टींत कसा पाळला जाई, त्या गोष्टी कागदावर कोणीं उतरविल्या, आणि तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाच्या हातीं त्या कोणत्या रूपानें पोंचल्या, हा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण विचार करावयास लावणाराही आहे. त्याच्या खुणा शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. टेंभी नाक्यापासून मैलभराच्या आंत तीन वास्तु आहेत: मासुंदा तलावाच्या बाजूचें सेंट जॉन बाप्टिस्टचें चर्च, पोर्तुगीजांनीं १७३० मध्यें बांधावयास घेतलेला आणि पुढें तुरुंग झालेला किल्ला, आणि १८९३ सालीं स्थापन झालेलें मराठी ग्रंथसंग्रहालय. या तिन्हींचा या इतिहासाशीं संबंध आहे.

जुन्या ठाण्याच्या परिसरांत गोष्टी सांगणारीं माणसें अनेक जातींचीं व अनेक धंद्यांचीं होतीं. चेंदणीचे कोळी, खाडीकांठचे आगरी, साष्टी बेटांतील ख्रिस्ती, गांवांतील पांढरपेशीं कुटुंबें, आणि पलीकडे डोंगरांत वारली, ठाकूर व कातकरी, अशी ही वस्ती. अगदीं लहान मुलाच्या वांट्यास चिमणी-कावळ्याची गोष्ट येई. श्रावणांत कहाण्या ऐकावयास मिळत. भुताची गोष्ट मात्र त्यानंतरच्या वयाची. मुलगा रात्रीं शेताच्या राखणीस किंवा भरती-ओहोटी पाहून खाडीवर जाऊं लागला, मुलगी तिन्हीसांजेस विहिरीवर जाऊं लागली, म्हणजे त्या गोष्टीस अर्थ येई. तिला स्वतःचा भूगोल असे. ही चिंच, तो आड, तें रस्त्याचें वळण, असें बोट दाखवून ती सांगतां येत असे. तिच्यांत व्यवहारी शहाणपणही असे. गिऱ्हा हें पाण्याकांठचें भूत वाटसरूस रात्रीं भुलवून खोल पाण्यांत नेतें, असें ऐकलेला मुलगा ओहोटीच्या चिखलांत एकटा उतरण्यापूर्वीं दोनदां विचार करी.

या गोष्टी धर्माच्या कुंपणांत अडकून राहिल्या नव्हत्या. इ. स. १५३४ च्या तहानें साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेली, आणि त्यानंतर बेटांतील पुष्कळ कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. देऊळ जाऊन चर्च आलें, नांवें पालटलीं, लग्नाचे विधि पालटले. परंतु चुलीपाशीं सांगितली जाणारी गोष्ट पालटली नाहीं. जॉर्ज डि’पेन्हा या साष्टीकर ख्रिस्ती गृहस्थांनीं १८८७ पासून ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकांत साष्टींतील लोककथा क्रमशः प्रसिद्ध केल्या. त्या ख्रिस्ती घरांतून ऐकलेल्या आहेत; तरीही त्यांत राजे आहेत, गोसावी आहेत, राक्षस आहेत, आणि त्यांची बोली साष्टीची मराठीच आहे. अशीच साक्ष मेरी फ्रियर यांच्या १८६८ सालच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या पुस्तकाची. त्यांतील कथा अ‍ॅना लिबराटा डिसूझा या आयेनें सांगितल्या, आणि त्या तिनें आपल्या आजीच्या तोंडून ऐकल्या होत्या. आजीचा अधिकार धर्मांतरानें कमी झाला नाहीं, असाच याचा अर्थ.

भुतांची पद्धतशीर नोंद मात्र सरकारी मार्गानें झाली, आणि तिची हकीकत ठाण्याच्या तुरुंगापर्यंत येऊन पोंचते. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हे मुंबई इलाख्यांतील एक अधिकारी संस्कृताचे अभ्यासक होते. त्यांनीं लोकांच्या समजुतींविषयीं एक प्रश्नावली तयार करून गांवोगांवच्या शाळामास्तरांकडे धाडली. झाडांत कोणतीं भुतें राहतात, तीं कोणास धरतात, त्यांचा उपाय काय, असे तिच्यांतील प्रश्न. ठाणें, कुलाबा व रत्नागिरी या जिल्ह्यांतील शिक्षकांनीं उत्तरें लिहून पाठविलीं. तीं छापलीं गेलीं तेव्हां पुष्कळ ठिकाणीं शिक्षकाचें नांव आलें नाहीं. अमुक गांवचा शाळामास्तर, एवढाच उल्लेख राहिला.

हें काम पुरें होण्यापूर्वींच २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत, तेथील कलेक्टर असलेले जॅक्सन अनंत लक्ष्मण कान्हेरे यांच्या गोळीस बळी पडले. १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांस ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. कान्हेऱ्यांचें वय तेव्हां अवघें अठरा वर्षांचें होतें. जॅक्सन यांच्या मागें राहिलेल्या कागदांवरून आर. ई. एन्थोव्हेन यांनीं १९१५ सालीं ‘फोकलोअर ऑफ धि कोंकण’ हें पुस्तक सिद्ध केलें. परक्या सत्तेचा एक अधिकारी येथील आजीबाईंच्या समजुती आस्थेनें गोळा करतो, आणि त्याच सत्तेविरुद्ध उठलेला एक तरुण त्याच्यावर गोळी झाडून स्वतः फांसावर जातो, ही घटना त्या काळाची सगळी गुंतागुंत एका ठिकाणीं दाखविते. राज्यकर्त्यांचें कुतूहल आणि प्रजेचा क्षोभ, दोन्ही एकाच वेळीं खरे होते.

त्या पुस्तकांत कोंकणांतील पंधरा मुख्य भुतें सांगितलीं आहेत: वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेटक, झोटिंग, वीर, चेडा, म्हसोबा, जखीण, लावसट आणि हडळ. वरवर पाहतां ही केवळ भयाची यादी वाटते. परंतु प्रत्येकाची उत्पत्ति पाहिली कीं निराळेंच चित्र उभें राहतें. ज्याचें उत्तरकार्य झालें नाहीं वा ज्याच्या मागें कोणी उरलें नाहीं तो समंध. बुडून मेला तो गिऱ्हा. सवाष्णपणीं मेलेली स्त्री जखीण होते, विधवा लावसट होते, आणि बाळंतपणांत दगावलेली हडळ होते. ज्ञानाचा गर्व न जिरलेला ब्राह्मण ब्रह्मग्रह होतो. भुतांतही जातिभेद आहेच. ब्राह्मणाचें भूत निराळें, इतरांचें निराळें. जिवंतपणीं ज्या पंक्तींत माणूस बसला तीच पंक्ति त्यास मेल्यावरही मिळे.

म्हणजे ही यादी, दुसऱ्या अर्थानें, ज्यांचें कांहीं राहून गेलें अशा माणसांची नोंदवही आहे. बाळंतपणांत स्त्रिया वारंवार दगावत, त्या काळीं घरोघरीं हडळीची गोष्ट असणें साहजिक होतें. सर्व कांहीं मिळून, नातवंडें पाहून जो शांतपणें गेला त्याचें भूत होत नाहीं. भूत होतें तें अपुऱ्या आयुष्याचें. गोष्ट ऐकणारा मुलगा भिऊन आजीस बिलगे खरा; पण ती बाई भूत कां झाली, हें त्याच गोष्टींत त्यास कळे, आणि भयाबरोबर दुसऱ्याच्या दुःखाचीही ओळख होई.

कुमारांच्या दृष्टीनें या सर्वांत महत्त्वाचा मुंजा. मुंज झाली, परंतु सोडमुंज होण्यापूर्वींच जो बटु मेला तो मुंजा होतो, आणि पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. तो बाल्यांतून निघाला आहे, पण प्रौढपणांत पोंचलेला नाहीं. दोन विधींच्या मधोमध अडकलेला आहे. कुमारवयाचें याहून नेमकें चित्र शोधून सांपडणार नाहीं. तो फार घातकीही नव्हे. दगड मारावे, खोड्या काढाव्या, भेवडावावें, एवढीच त्याची मजल. त्याच्यावरचा उपाय तर त्याहूनही बोलका आहे. पिंपळाची मुंज लावावयाची आणि त्याभोंवतीं पार बांधावयाचा. भुतास मारून टाकावें असें त्या उपायांत नाहीं; त्याचें जें अपुरें राहिलें तें पुरें करून द्यावें, एवढेंच आहे. पुढें त्याच पारावर गांव बसतो, मुलें खेळतात. भयाची जागा बसण्याची जागा होते. गोष्टीस शेवट असावा, हा जुना नियम येथें दगडमातीनें सिद्ध केलेला दिसतो.

आतां छापखान्याकडे वळावें. मुलांसाठीं म्हणून छापलेल्या मराठी पुस्तकांचा आरंभ तंजावरच्या सरफोजीराजांनीं करविलेल्या ‘बालबोध मुक्तावली’ या १८०६ सालच्या इसापाच्या भाषांतरापासून मानतात. १८१४ सालीं सेरामपूर येथें वैजनाथ शर्म्यांची ‘सिंहासन बत्तिशी’ छापून निघाली. मुंबईंत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनीं १८२८ सालीं ‘बाळमित्र’ व ‘इसापनीति’, आणि १८३० सालीं ‘वेताळपंचविशी’ मराठींत आणली. छापील मराठींत मुलांच्या हातीं पडलेलें पहिलें भूत वेताळ असावें, असें यावरून म्हणतां येईल.

या वेताळास दारांतून आंत घेण्याचीं कारणें उघड आहेत. तो संस्कृताचा शालू पांघरून आला होता, आणि तो नुसता भिववीत नसे, प्रश्न विचारी. स्मशान आहे, झाडावर लटकणारें प्रेत आहे, तें खांद्यावर घेऊन चालणारा राजा आहे. पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटीं एक न्यायाचा पेंच आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याचीं शकलें होणार. उत्तर दिलें तर वेताळ पुन्हा झाडावर जाणार. सत्य बोलावें तर श्रम फुकट जातात आणि न बोलावें तर प्राण जातो, हा पेंच चौदा वर्षांच्या मुलास नेमका कळतो. म्हणूनच १९५२ पासून निघालेल्या ‘चांदोबा’ मासिकांत वेताळाच्या नव्या गोष्टी वर्षानुवर्षें येत राहिल्या, आणि खांद्यावर प्रेत घेतलेल्या राजाचें चित्रकार शंकर यांनीं काढलेलें चित्र महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या स्मरणांत राहिलें.

मुंजा, हडळ व गिऱ्हा या गांवठी मंडळींस मात्र छापील बालवाङ्मयाचा उंबरठा ओलांडतां येईना. विनायक कोंडदेव ओक यांच्या १८८१ सालीं सुरू झालेल्या ‘बालबोध’ मासिकानें मुलांस चरित्रें, कविता, निबंध व शास्त्रीय माहिती दिली. या कार्याचें मोल फार मोठें आहे. परंतु त्या काळच्या सुधारकास भूत म्हणजे अज्ञान वाटे, आणि अज्ञानाशीं त्याचें युद्ध चालू होतें. ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनीं १८९३ मध्यें ग्रंथसंग्रहालय काढलें तें छापलेलें मराठी पुस्तक जपण्यासाठीं. जें छापलेंच गेलें नाहीं तें कोणत्या कपाटांत ठेवणार? अशा रीतीनें देशी भुताची गोष्ट इंग्रजी पुस्तकांत नोंदली गेली, पण जीं मुलें ती ऐकत त्यांच्या मराठी पुस्तकांत ती आली नाहीं.

सुधारकांची भीति मात्र पोकळ नव्हती. हें कळण्यासाठीं ठाणें जिल्ह्याच्या डोंगरपट्टींत जावें लागतें. इ. स. २०१४ मध्यें पालघर निराळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हे सर्व याच जिल्ह्यांत मोडत. तेथें वारल्यांचा भगत घांगळीच्या साथीनें कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा गातो. गांवाच्या शिवेवर लांकडांत वा दगडांत कोरलेला वाघदेव असतो, आणि वाघबारशीस त्याची पूजा होते. ज्याचें भय वाटतें त्यास शिवेवर जागा द्यावी, म्हणजे तो मर्यादेंत राहतो, असा हा विचार. ठाण्यालगतच्या येऊरच्या डोंगरांत बिबट्या आजही आहे, तेव्हां तो विचार केवळ कविकल्पना म्हणतां यावयाचा नाहीं.

पण याच समाजांत भुताळीचीही समजूत होती. गांवांत रोग आला, पोर दगावलें, कीं एखाद्या बाईवर भुताळी म्हणून बोट ठेवलें जाई. मग तिला मारहाण होई, प्रसंगीं तिचा जीवही जाई. हा प्रकार डोंगरांतलाच असें समजून शहरांनीं स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. करणी व मूठ यांवरील विश्वास शिकलेल्या घरांतही आढळत आला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं अशा अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत तो कायदा आला.

येथें दोन गोष्टींमधील भेद स्पष्ट होतो. आजीची भुताची गोष्ट आणि भुताळीचा आरोप यांत भूत एकच आहे, परंतु दिशा उलट आहे. गोष्ट मेलेल्या बाईस बोलावयास लावते आणि तिच्यावर काय अन्याय झाला तें सांगते. आरोप जिवंत बाईचें तोंड बंद करतो. गोष्ट संपते आणि मुलें झोंपीं जातात; आरोपास रक्ताखेरीज शेवट नसतो. मुलास भुताची गोष्ट सांगूं नये, हें त्यावर औषध नव्हे. गोष्ट ही गोष्ट म्हणून ऐकण्याची संवय ज्यास लहानपणीं लागली तो मोठेपणीं आरोपासही गोष्टच समजण्याचा संभव अधिक. जो कधीं गोष्टींत भ्यालाच नाहीं, त्याचें भय कोणीही आपल्या कामास लावूं शकेल.

स्वातंत्र्योत्तर काळांत मराठी भयकथेनें पुस्तकांत आपलें घर बांधलें. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कादंबऱ्या प्रौढांसाठीं लिहिलेल्या, पण वाचनालयांतून त्या नेणाऱ्यांत शाळकरी मुलें पुष्कळ असत. धारपांच्या अनेक कथांत दुष्ट शक्ति बाहेरून येते. तिला गांव नाहीं, गोत नाहीं, आणि तिच्याशीं झुंजावयास ‘समर्थ’ हा त्यांचा नायक उभा राहतो. पाश्चात्य भयकथेचें हें वळण मराठींत त्यांनीं समर्थपणें रुजविलें. मात्र त्यांत कोंकणच्या भुताचा एक गुण मागें पडला: तें भूत ओळखीचें असे, कोणाची तरी सून वा कोणाचा तरी मुलगा असे.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनीं हा धागा निराळ्या रीतीनें उचलला. त्यांनीं आपल्या कथांस गूढकथा म्हटलें, आणि त्यांतील भय बहुधा घरांतल्या माणसांतून उगवतें. दुसऱ्या बाजूस त्यांनीं मुलांसाठीं नाटकें लिहिलीं. ‘अलबत्या गलबत्या’ मधील दिलीप प्रभावळकर यांनीं रंगविलेली चेटकीण पाहून मुलें भीत आणि तिच्या प्रेमांतही पडत. पुढें २०१४ मध्यें त्यांच्या कल्पनेंतून ठाण्यांत समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीनें ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला. ठाण्याच्या श्रमिक वस्त्यांतील कुमारांनीं आपल्याच जीवनावर नाटिका रचून त्या स्वतः सादर केल्या. त्यांत पिंपळ नव्हता, मुंजा नव्हता. पण जें भय त्या मुलांच्या घरांत रोज वावरत होतें तें त्यांनीं सर्वांसमोर उभें केलें. जें अपुरें राहिलें तें बोलून दाखवावें, हेंच जुन्या भुताच्या गोष्टीचें काम होतें. गूढकथाकारानें आयुष्याच्या संध्याकाळीं ठाण्याच्या मुलांच्या हातीं तें सोंपवावें, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं.

२०१८ सालीं धारपांच्या कथेची प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट आला, आणि २०२४ मध्यें ‘मुंजा’ यावरच आदित्य सरपोतदार यांचा हिंदी चित्रपट निघून त्यास तरुणांची गर्दी लोटली. मुंज झालेला, वेडी इच्छा मनांत घेऊन मेलेला आणि झाडास चिकटून राहिलेला कोंकणांतला मुलगा भारतभरच्या पडद्यांवर गेला. शंभर वर्षांपूर्वीं नांव न छापलेल्या शाळामास्तरांनीं जें लिहून धाडलें, त्याचें महत्त्व आतां सर्वांस पटावयास हरकत नसावी.

आतां काम उरलें आहे तें मराठी लेखकांचें व घराघरांतील वडील माणसांचें. कुमारांस भयकथा हवी असते, आणि ती त्यांस मिळणारच. प्रश्न एवढाच कीं, ती कोणती मिळावी. भूत कोण होतें, त्याचें काय राहून गेलें, आणि तें पुरें करावयास जिवंतांनीं काय करावें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें जी गोष्ट देते ती मुलास भित्रें करीत नाहीं. हडळीची गोष्ट ऐकून ज्या मुलाच्या मनांत बाळंतपणांत मेलेल्या बाईविषयीं करुणा उपजली, त्यानें गोष्टींतून जें घ्यावयाचें तें घेतलें. ज्यास केवळ दचकावयास मिळालें त्यास गोष्ट अर्धीच मिळाली, आणि अर्धी राहिलेली गोष्ट, कोंकणच्या समजुतीप्रमाणें, स्वस्थ बसत नाहीं.